परिचारिकांची वैयक्तिक मूल्ये आणि नोकरीतील समाधान : सर्वेक्षण करण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी हा विषय घेणारे विद्यार्थी दर वर्षी भेटतात. त्यांचे प्रबंध तपासताना असे दिसते की तक्ते सुबक असतात, आलेख रंगीत असतात, संख्याशास्त्रज्ञाची सहीही असते. परंतु प्रश्नावली वॉर्डात पोहोचण्यापूर्वीच अभ्यास दोन ठिकाणी चुकलेला असतो. पहिली चूक अशी, की मूल्य म्हणजे एखाद्या गोष्टीला दिलेले महत्त्व एवढेच धरले जाते आणि इतर गोष्टींच्या तुलनेत तिला दिलेली जागा मोजायची राहून जाते. दुसरी चूक अशी, की भरलेला कागद कोणाच्या हाती जाणार याचा अंदाज उत्तर देणाऱ्या सिस्टरला असतो आणि अभ्यासक मात्र त्याचा विचारच करत नाही. पुढचे दहा टप्पे याच दोन चुका टाळण्यासाठी मांडले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण तिसऱ्या टप्प्यातील ढिलाई आठव्या टप्प्यात दुरुस्त करता येत नाही.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

‘परिचारिकांच्या वैयक्तिक मूल्यांचा व नोकरीतील समाधानाचा अभ्यास’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो : ‘अमुक प्रकारच्या रुग्णालयात काम करणाऱ्या, किमान एक वर्ष सेवा झालेल्या परिचारिकांमध्ये, सुरक्षिततेला इतर मूल्यांपेक्षा वरचे स्थान देणाऱ्यांचे वेतन व बढतीविषयीचे समाधान इतरांपेक्षा वेगळे आहे का?’ या वाक्यात कोण, कुठे, कोणते मूल्य आणि समाधानाचा कोणता घटक हे चारही ठरलेले आहेत. असे दोन किंवा तीन प्रश्न पुरे होतात. दहा मूल्ये आणि समाधानाचे नऊ घटक यांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटल्या तर नव्वद सहसंबंध (दोन गोष्टी कितपत बरोबरीने बदलतात याची मापे) होतात, आणि मुळात कोणताही संबंध नसला तरी पाच टक्क्यांच्या पातळीवर त्यांतील चार-पाच ‘लक्षणीय’, म्हणजे निव्वळ योगायोग नसलेले, असे निघणारच. त्या चार-पाचांवर चर्चेचे अख्खे प्रकरण उभे केलेले मी पाहिले आहे.

याच टप्प्यावर वैयक्तिक मूल्ये आणि व्यावसायिक मूल्ये यांतला फरक पक्का करावा. रुग्णाची गोपनीयता राखणे, त्याच्या हक्कांसाठी बोलणे, आपले ज्ञान अद्ययावत ठेवणे ही परिचर्या व्यवसायाची मूल्ये आहेत आणि ती शिक्षणातून व आचारसंहितेतून येतात. सत्ता, परंपरा, सुखोपभोग, स्वयंनिर्णय ही माणसाची मूल्ये आहेत आणि सिस्टर ती घरून घेऊन येते. शीर्षकात ‘वैयक्तिक’ लिहून आत व्यावसायिक मूल्यांची प्रश्नावली वापरणे ही या विषयातील सर्वांत सर्रास आढळणारी चूक आहे.

तपासा : तुमचा प्रश्न वॉर्डातल्या एखाद्या अनुभवी इन्चार्ज सिस्टरला वाचून दाखवा. त्यांनी ‘म्हणजे तुला नक्की काय शोधायचे आहे?’ असे विचारले तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २ : मोजण्याची साधने निवडा

स्वतः प्रश्नावली तयार करण्याचा मोह टाळावा. पंचवीस विधाने लिहून, पाच तज्ज्ञांना दाखवून आणि ‘वैध’ असा शिक्का मिळवून तयार झालेले साधन बहुधा लेखकाचीच मते मोजते.

वैयक्तिक मूल्यांसाठी शालोम श्वार्ट्झ यांनी १९९२ मध्ये मांडलेली रचना सर्वाधिक वापरात आहे. तिच्यात दहा मूल्ये आहेत : स्वयंनिर्णय, नावीन्याची ओढ, सुखोपभोग, कर्तृत्व, सत्ता, सुरक्षितता, नियमपालन, परंपरा, परहित आणि सर्वांविषयीची आस्था. ती वर्तुळात मांडलेली असतात. शेजारची मूल्ये एकमेकांना धरून चालतात, तर समोरासमोरची एकमेकांना ओढून धरतात. ज्याला सत्ता फार मोलाची वाटते त्याला सर्वांविषयीची आस्था त्याच जोराने मोलाची वाटणे अवघड असते. या रचनेवरील व्यक्तिचित्रांच्या प्रश्नावलीची चाळीस विधानांची आणि एकवीस विधानांची अशी दोन रूपे विशेष प्रचारात आहेत. एकवीस विधानांच्या रूपात बहुतेक मूल्यांना दोनच विधाने येतात, त्यामुळे विश्वासार्हतेचा गुणांक (अल्फा, म्हणजे एकाच मूल्याची विधाने एकमेकांशी किती जुळतात याचे माप) खाली येतो आणि परीक्षक त्यावर बोट ठेवतात. वेळ मिळत असेल तर चाळीसचेच रूप घ्यावे. मिल्टन रोकीच यांची १९७३ ची पद्धत, जिच्यात अठरा अंतिम (आयुष्याची ध्येये) आणि अठरा साधनभूत (वागण्याच्या रीती) मूल्यांचा क्रम लावायचा असतो, कागदावर आकर्षक वाटते. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला अठरा गोष्टींचा क्रम दोनदा लावायला सांगणे व्यवहार्य नाही.

समाधानासाठी पॉल स्पेक्टर यांची १९८५ ची प्रश्नावली सोयीची आहे. तिच्यात छत्तीस विधाने आणि प्रत्येकी चार विधानांचे नऊ घटक आहेत : वेतन, बढती, पर्यवेक्षण, इतर लाभ, कामाची दखल, कामाचे नियम व पद्धती, सहकारी, प्रत्यक्ष कामाचे स्वरूप आणि संवाद. मक्लॉस्की व म्युलर यांची १९९० ची एकतीस विधानांची प्रश्नावली खास परिचारिकांसाठीच आहे आणि तिच्यात पाळ्या, सुट्ट्या, घर व काम यांचा मेळ असे प्रश्न येतात. कोणती घ्यायची हे पहिल्या टप्प्यातील प्रश्नावर ठरवावे. मार्गदर्शकांच्या कपाटात कोणती सापडली यावर नव्हे.

सावधान : मूळ लेखकाच्या परवानगीचे पत्र किंवा वापराच्या जाहीर अटींची प्रत पहिल्याच आठवड्यात मिळवून ठेवा. प्रबंध बांधायला देताना ही कागदपत्रे शोधू नयेत.

## टप्पा ३ : मराठी रूपांतर

या टप्प्याला दोन महिने द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात बहुतेक जण दोन दिवस देतात.

परिचारिकांचे शिक्षण इंग्रजीतून झालेले असते म्हणून प्रश्नावली इंग्रजीतच दिली तरी चालेल, हा युक्तिवाद औषधांच्या नोंदीपुरता खरा आहे. स्वतःला काय मोलाचे वाटते हे विचारायचे असेल तेव्हा ज्या भाषेत माणूस घरी भांडतो, त्या भाषेत विचारावे. रूपांतराची मान्य रीत ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये मांडलेल्या उलट-अनुवादाच्या पद्धतीवर आधारलेली आहे, आणि तिचा क्रम असा आहे :

१. दोन व्यक्तींनी एकमेकांशी न बोलता मराठी अनुवाद करावा. त्यांपैकी एक परिचर्या क्षेत्रातील असावी, दुसरी नसावी.

२. दोन्ही अनुवाद समोर ठेवून एक मसुदा तयार करावा आणि जिथे मतभेद झाला त्या प्रत्येक शब्दाची नोंद ठेवावी.

३. मूळ प्रश्नावली कधीही न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीने त्या मसुद्याचा पुन्हा इंग्रजीत अनुवाद करावा.

४. मूळ आणि उलट-अनुवाद यांतील फरक तज्ज्ञांसमोर ठेवावेत.

५. आठ-दहा परिचारिकांना प्रत्येक विधान वाचून ‘यातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारावे.

पाचवी पायरी सर्वाधिक गाळली जाते, आणि खऱ्या अडचणी तिथेच सापडतात. चार अडचणी हमखास येतात.

पहिली अडचण ‘पर्यवेक्षक’ या शब्दाची. समाधानाच्या प्रश्नावलीत पर्यवेक्षकाविषयी चार विधाने आहेत. आपल्याकडे सिस्टरच्या मनात हा शब्द वाचून कोण येते? कोणाच्या मनात इन्चार्ज सिस्टर, कोणाच्या मेट्रन, तर कोणाच्या युनिटचे डॉक्टर. एकाच रकान्यात तीन वेगळ्या माणसांविषयीची मते जमा झाली की त्या रकान्याला अर्थ उरत नाही. सूचनेतच लिहावे : ‘या प्रश्नावलीत पर्यवेक्षक म्हणजे तुमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर (परिसेविका).’ आणि इन्चार्ज सिस्टरच उत्तर देत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी सूचना असावी किंवा त्यांना नमुन्यातून वगळावे.

दुसरी अडचण ‘संस्था’ या शब्दाची. शासकीय रुग्णालयातील अधिपरिचारिकेसाठी संस्था म्हणजे तिचे रुग्णालय की आरोग्य विभाग? ट्रस्टच्या रुग्णालयात संस्था म्हणजे ट्रस्ट की प्रशासन? पगार एकाकडून येतो आणि वागणूक दुसऱ्याकडून मिळते, त्यामुळे हाही शब्द सूचनेतच बांधून द्यावा. ‘इतर लाभ’ म्हणजे काय हे कंसात सांगावे : रजा, क्वार्टर, गणवेश व धुलाई भत्ता, वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती, पाळणाघर.

तिसरी अडचण दुहेरी नकाराची. ‘माझ्या कामाचे कौतुक होते असे मला वाटत नाही’ या वाक्यापुढे ‘असहमत’ वर खूण करायची म्हणजे कौतुक होते असे म्हणायचे. थकलेला माणूस इथे हटकून चुकतो. अशी विधाने होकारार्थी वाक्यरचनेत पण नकारात्मक आशयाने लिहावीत, उदाहरणार्थ ‘माझ्या कामाकडे दुर्लक्ष होते’. विधानाची दिशा मात्र बदलू नये, कारण गुणांकन त्या दिशेवर अवलंबून असते.

चौथी अडचण लिंगाची आणि आदराची. मूल्यांच्या प्रश्नावलीत प्रत्येक विधान एका व्यक्तीचे वर्णन करते आणि ‘ही व्यक्ती तुमच्यासारखी कितपत आहे?’ असे विचारते. स्त्रियांसाठी ‘तिला’ आणि पुरुषांसाठी ‘त्याला’ अशी दोन रूपे लागतात. ब्रदरांना स्त्रीलिंगी प्रश्नावली देऊन ‘समजून घ्या’ असे सांगू नये. ‘त्यांना’ असे आदरार्थी लिहून दोन्हींचे काम भागवण्याची युक्तीही टाळावी, कारण तसे केल्यावर समोरची व्यक्ती वडीलधारी वाटू लागते आणि उत्तर देणारी सिस्टर तुलना करण्याऐवजी मान राखू लागते.

तपासा : अंतिम मसुद्यात ‘परोपकार’, ‘कर्तव्यनिष्ठा’, ‘सेवाभाव’ असे शब्द आले आहेत का? ते काढून टाका. हे शब्द समारंभाच्या भाषणात ऐकलेले असल्याने त्यांना कोणीही ‘नाही’ म्हणत नाही. वर्तन सांगणारे साधे वाक्य ठेवा.

## टप्पा ४ : नमुना ठरवणे

प्रबंधांमध्ये बहुधा यामाने यांचे सूत्र वापरलेले असते : एकूण संख्या भागिले (एक अधिक एकूण संख्या गुणिले चुकीच्या मर्यादेचा वर्ग). ४२० परिचारिका आणि पाच टक्के मर्यादा धरली तर २०५ हा आकडा येतो. हे सूत्र एखाद्या गोष्टीचे प्रमाण काढण्यासाठी आहे. तुमचा प्रश्न सहसंबंधाचा असेल तर किती लहान संबंध पकडायचा आहे यावरून आकडा काढावा लागतो. पाच टक्के पातळी आणि ऐंशी टक्के सामर्थ्य (खरा संबंध असल्यास तो सापडण्याची शक्यता) धरल्यास ०.३ इतका सहसंबंध पकडण्यासाठी ८५ आणि ०.२ इतका पकडण्यासाठी १९४ व्यक्ती लागतात. मूल्ये आणि समाधान यांच्यातील संबंध मोठे असण्याची अपेक्षा धरू नये, म्हणून १९४ हा आकडा पायाभूत माना. पाचांतील एक प्रश्नावली परत येणार नाही असे धरून २४३ वाटा.

संख्येइतकीच रचनाही महत्त्वाची आहे. कायम आणि कंत्राटी परिचारिका एकाच वॉर्डात, एकाच पाळीत, तेच काम करतात, पण त्यांचे वेतन, रजा आणि बढतीची शक्यता यांत मोठे अंतर असते. त्यांचे गट आधीच वेगळे करून प्रत्येकातून प्रमाणात निवड करावी. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह, प्रसूती कक्ष, सामान्य वॉर्ड आणि बाह्यरुग्ण विभाग हेही आधीच मांडून घ्यावेत. ड्युटी चार्टवरून नावांची यादी करून चिठ्ठ्यांनी किंवा संगणकाने निवड करता येते. ‘त्या दिवशी वॉर्डात ज्या सिस्टर होत्या त्यांना दिली’ हा सोयीचा नमुना आहे. तसे केले असेल तर तसेच लिहावे, त्याला यादृच्छिक म्हणू नये.

## टप्पा ५ : परवानग्या

आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मग रुग्णालयाची परवानगी. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अर्ज अधिष्ठात्यांकडे, जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि खासगी रुग्णालयात वैद्यकीय संचालक किंवा प्रशासकांकडे जातो. मेट्रन (अधिसेविका) यांना अर्जाची प्रत द्यावी आणि स्वतः भेटावे, कारण कागदावरची परवानगी कोणाचीही असली तरी वॉर्डात पाऊल त्यांच्या शब्दावर पडते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे वरिष्ठांच्या हाताखाली असणाऱ्या व्यक्तींबाबत विशेष काळजी घ्यायला सांगतात. परिचारिका स्वतः सुशिक्षित आहे म्हणून तिला हे लागू नाही असे समजू नये. नकार देण्याचा तिचा हक्क खरा असला पाहिजे, म्हणजे तिने नकार दिला हे तिच्या वरिष्ठांना कळताच कामा नये. संमतिपत्रावर नाव व सही आणि प्रश्नावली निनावी, असा घोळ अनेकदा होतो. एकतर दोन्ही कागद वेगळ्या पाकिटांत वेगळे गोळा करावेत, किंवा लेखी सहीची अट शिथिल करण्याची विनंती समितीकडे आधीच करावी.

## टप्पा ६ : पूर्वचाचणी

नमुन्याच्या सुमारे दहा टक्के परिचारिकांवर, शक्यतो दुसऱ्या रुग्णालयात, पूर्ण प्रश्नावली एकदा वापरून पाहावी. किती मिनिटे लागली, कुठे रिकामी जागा सुटली आणि समासात कोणी काही लिहिले का, हे पाहावे. या व्यक्तींना मुख्य अभ्यासात घेऊ नये. समाधानाच्या एकूण गुणांकनाचा अल्फा ०.७० पेक्षा खाली गेला तर कारण बहुधा अनुवादातच सापडते. विधाने गाळून अल्फा वाढवण्याच्या फंदात पडू नये.

## टप्पा ७ : प्रश्नावली वाटणे आणि परत घेणे

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्याच सल्ल्याने प्रश्नावल्या मेट्रन ऑफिसातून वाटल्या. तीन दिवसांत १८० परत आल्या, एकही रिकामी जागा नव्हती, आणि पर्यवेक्षणाविषयीचे समाधान इतके उंच होते की आम्हा दोघींनाही आनंद झाला. पुढच्या आठवड्यात तिला कॅन्टीनमध्ये एका सिस्टरने सांगितले की इन्चार्ज सिस्टरनी कागद मोजून दिले होते आणि भरलेले स्वतः गोळा केले होते, आणि पाकीट दिले होते तेही उघडेच. सल्ला माझा होता, त्यामुळे चूकही माझीच. ते सर्व कागद बाजूला ठेवून तिने पुन्हा सुरुवात केली.

तेव्हापासून मी पुढील क्रम पाळायला सांगते :

१. प्रश्नावली, माहितीपत्रक आणि चिकटवता येईल असे कोरे पाकीट असा संच अभ्यासकाने स्वतःच्या हाताने द्यावा.

२. वॉर्डात भरून घेऊ नये. घरी न्यायला द्यावी किंवा ग्रंथालय, हॉस्टेलची खोली अशी जागा सुचवावी.

३. बंद पाकीट टाकण्यासाठी कुलूपबंद पेटी ठेवावी. पेटी मेट्रन ऑफिसबाहेर नको, हजेरीच्या वहीजवळ नको. चेंजिंग रूम किंवा कॅन्टीन बरे.

४. कोणी दिली, कोणी दिली नाही याची यादी ठेवू नये. आठवण सर्वांना सारखीच करावी.

५. गूगल फॉर्म वापरत असाल तर ई-मेल पत्ता गोळा करण्याचा पर्याय बंद करा आणि दुवा वॉर्डाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नका, कारण त्या गटात इन्चार्जही असतात आणि ‘भरला’ असे अंगठे उमटू लागतात.

वेळेची निवड उत्तरांवर परिणाम करते. पाळी बदलताना, ओव्हर देण्याघेण्याच्या वेळी, प्रश्नावली देऊ नये. नाइट संपवून निघालेल्या सिस्टरला ‘पाच मिनिटे’ थांबवू नये. पाच मिनिटांत शहात्तर विधाने होत नाहीत हे तिला आणि तुम्हालाही ठाऊक असते. राज्य शासनाच्या रुग्णालयांत सर्वसाधारण बदल्यांचा काळ एप्रिल-मे असतो. त्या दिवसांत बढती आणि वरिष्ठांविषयीचे मत बदलीच्या आदेशावर ठरते. १२ मे, म्हणजे जागतिक परिचारिका दिनाचा आठवडाही टाळावा. गुलाब, सत्कार आणि सेवाभावावरील भाषणे ऐकून आलेली व्यक्ती परहिताच्या विधानांपुढे कोणती खूण करणार हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. पगार रखडलेला असताना, संपाची हाक असताना आणि मानांकनाची तपासणी तोंडावर असतानाही थांबावे.

तपासा : पहिल्या वीस पाकिटांतील पर्यवेक्षणाचे गुण पाहा. सर्वच उंच आणि एकसारखे असतील तर वाटप थांबवून पेटीची जागा आणि परत घेण्याची वाट तपासा.

## टप्पा ८ : नोंद आणि गुणांकन

इथे तीन कामे आहेत आणि ती याच क्रमाने करावीत.

पहिले, उलटी विधाने. स्पेक्टर यांच्या छत्तीसपैकी एकोणीस विधाने नकारात्मक आशयाची आहेत : क्रमांक २, ४, ६, ८, १०, १२, १४, १६, १८, १९, २१, २३, २४, २६, २९, ३१, ३२, ३४ आणि ३६. त्यांचे गुण (प्रत्येक विधानाला १ ते ६) सातातून वजा करून उलटावे लागतात. १ चे ६ होतात, २ चे ५ होतात. हे न केल्यास काय होते ते एका उदाहरणाने पाहा. एखाद्याने न वाचता सर्व छत्तीस विधानांपुढे ५ वर खूण केली. उलटणे विसरलात तर त्याचे एकूण गुण १८० होतात आणि तो ‘समाधानी’ ठरतो. योग्य रीतीने उलटले तर सतरा विधानांचे ८५ आणि एकोणीस विधानांचे ३८ मिळून १२३ होतात, म्हणजे तो मधल्या पट्ट्यात येतो. अशा व्यक्ती मुळात ओळखूनच वगळायच्या असतात, आणि त्यांना वगळण्याचा नियम माहिती पाहण्यापूर्वी लिहून ठेवायचा असतो.

एकूण गुण ३६ ते २१६ या मर्यादेत असतात. १०८ पर्यंत असमाधानी, १४४ पर्यंत संमिश्र आणि त्यापुढे समाधानी, अशी विभागणी वर्णनापुरती ठीक आहे. सहसंबंध काढताना मात्र मूळ गुणच वापरावेत. १४३ आणि १४५ गुणांच्या दोन सिस्टरांना वेगळ्या खणांत टाकून पुढे काय-वर्ग चाचणी (खणांतील संख्यांची तुलना करणारी) लावणे म्हणजे कष्टाने मोजलेले फेकून देणे होय.

दुसरे, सुटलेल्या जागा. उलटण्याचे काम झाल्यानंतरच, त्या व्यक्तीने त्याच घटकातील इतर विधानांना दिलेल्या गुणांची सरासरी रिकाम्या जागी भरावी. आधी भरून मग उलटले तर चुकीचा आकडा बसतो. एखाद्या घटकातील निम्म्याहून अधिक जागा रिकाम्या असतील तर त्या व्यक्तीचा तो घटक सोडून द्यावा.

तिसरे, मूल्यांचे केंद्रीकरण. हे काम जवळजवळ प्रत्येक प्रबंधात राहून गेलेले असते. काही माणसे सगळ्याच विधानांना वरचे गुण देतात, काही हात राखून देतात. सिस्टर ‘अ’ यांची चाळीस विधानांची सरासरी ५.२ आहे आणि परहिताची सरासरी ५.५ आहे. सिस्टर ‘ब’ यांची एकूण सरासरी ३.९ आहे आणि परहिताची ५.० आहे. कच्चे गुण पाहिले तर ‘अ’ पुढे दिसतात. प्रत्येकीच्या परहिताच्या गुणांतून तिची स्वतःची एकूण सरासरी वजा केली की ‘अ’ यांचे ०.३ आणि ‘ब’ यांचे १.१ उरतात. परहिताला इतर सर्व गोष्टींच्या वर जागा देणारी सिस्टर ‘ब’ आहे. सुरुवातीला म्हटलेली ‘मूल्याची जागा’ ती हीच. दहाही मूल्यांसाठी ही वजाबाकी करावी आणि सहसंबंधासाठी हेच गुण घ्यावेत.

परिचारिकांच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे, कारण परहिताच्या विधानांना जवळजवळ सगळ्याच जणी वरचे गुण देतात. सगळ्यांचे गुण एकाच टोकाला दाटले की कोणाशीही सहसंबंध दिसत नाही, आणि मग ‘परहित व समाधान यांचा संबंध नाही’ असा चुकीचा निष्कर्ष लिहिला जातो.

सावधान : मूल्यांच्या प्रश्नावलीची काही प्रचलित रूपे ‘अगदी माझ्यासारखी’ ला ६ गुण देतात, तर काही १ देतात. तुमच्या प्रतीत कोणते आहे ते पाहूनच मास्टर शीट (सर्वांच्या उत्तरांचा एकत्र तक्ता) तयार करा, नाहीतर सर्व निष्कर्ष उलटे येतील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

## टप्पा ९ : विश्लेषण

पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या दोन-तीन प्रश्नांचीच चाचणी करावी. गुणांचे वितरण एका बाजूला झुकलेले असेल तर सहसंबंधाच्या नेहमीच्या पिअरसन गुणांकाऐवजी क्रमांवर आधारलेला स्पिअरमनचा गुणांक घ्यावा. त्यापलीकडे काही सापडले तर ते ‘पाहणीत दिसलेले’ म्हणून वेगळे नोंदवावे.

सेवेची वर्षे, कायम की कंत्राटी, आणि विभाग यांचा हिशेब न धरता काढलेला सहसंबंध फसवा असू शकतो. समजा, सुरक्षिततेला महत्त्व देणाऱ्या सिस्टर अधिक समाधानी दिसल्या. त्या मुळात कायम नोकरीत असल्यानेच समाधानी असतील तर? बहुचल समाश्रयणात (अनेक घटकांचा प्रभाव एकाच समीकरणात वेगवेगळा मोजण्याच्या रीतीत) ही माहिती आधी घालावी आणि मूल्य नंतर. सर्व दहा मूल्ये मात्र एकाच समीकरणात घालू नयेत; केंद्रीकरणानंतर ती एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की गुणक निरर्थक होतात.

०.२ इतका सहसंबंध लक्षणीय ठरला तरी समाधानातील फरकाचा चार टक्के भागच त्यातून उलगडतो. हा आकडा वाक्यात लिहावा. आणि एकाच वेळी केलेल्या पाहणीतून ‘मूल्यांमुळे समाधान वाढते’ असे लिहू नये. वर्षानुवर्षे असमाधानात काम केल्याने माणसाच्या मूल्यांचा क्रमही बदललेला असू शकतो.

## टप्पा १० : अहवाल आणि वॉर्डाला उत्तर

रुग्णालयाला निष्कर्ष देताना पाचपेक्षा कमी व्यक्तींचा कोणताही गट तक्त्यात स्वतंत्र दाखवू नये. ‘शस्त्रक्रियागृह, पुरुष, कंत्राटी, पाच वर्षांपेक्षा कमी सेवा’ असा रकाना दिसला की तो ब्रदर कोण हे सगळ्या रुग्णालयाला कळते, मग प्रश्नावलीवर नाव असो वा नसो. असे गट एकत्र करावेत.

शिफारशींच्या प्रकरणात ‘प्रशासनाने परिचारिकांना प्रोत्साहन द्यावे’ हे वाक्य इतक्या प्रबंधांत आले आहे की ते कोणी वाचत नाही. कोणत्या घटकाचे गुण सर्वांत कमी आले, त्या घटकातील कोणत्या विधानावर आले आणि तो निर्णय रुग्णालयात कोणत्या टेबलावर होतो, हे तीन तपशील लिहावेत. एक पानाचा मराठी सारांश काढून तो मेट्रन ऑफिसात आणि चेंजिंग रूमच्या भिंतीवर एकाच दिवशी पोहोचेल अशी व्यवस्था करावी. कुलूपबंद पेटी परत नेण्याचे कामही त्याच दिवशी उरकते.